धाकटी जाऊ पुढे निघून गेली. आता मुंबई पळू की नको?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 42, विमा कार्यालयात नोकरी. घर एकत्र: सासूबाई, दोघे भाऊ, दोघी जावा, मुलं. ताई तीन वर्षांपासून पळतात, आठवड्याला साधारण 30 किलोमीटर, तेही सगळे सपाट रस्त्यावर. सपाटीवरची त्यांची हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) 2 तास 18 मिनिटांची आहे. पाऊस ओसरत असताना मोसमातली पहिली शर्यत म्हणून त्या साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला गेल्या. मनात 2 तास 20 मिनिटं धरली होती, लागले 2 तास 48. सोळाव्या किलोमीटरला मांड्यांत गोळे आले आणि पुढचं अंतर जवळजवळ चालतच काढावं लागलं. धाकट्या जाऊबाईंना ताईंनीच वर्षापूर्वी पळायला लावलं होतं. त्या 2 तास 36 मिनिटांत पोचून, मेडल घालून, केळं खात उभ्या होत्या. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "धाकटीनं मोठीला मागं टाकलं म्हणायचं." जानेवारीतल्या मुंबईच्या फुल मॅरेथॉनला दोघींनी नाव दिलंय. ग्रुपमधले एक जुने धावपटू म्हणतात, जिद्द कमी पडली, आजपासून किलोमीटर डबल करा. नवरा म्हणतो, हौस झाली, आता पुरे. ताई विचारतात: "नाव काढून घेऊ, की सगळं बाजूला ठेवून दुप्पट तयारीला लागू? खरं सांगू, आपल्यात ते नाहीच असं वाटायला लागलंय."

---

ताई,

घड्याळातले आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत. बरेच जण फक्त शेवटची वेळ कळवतात आणि "काय चुकलं सांगा" म्हणतात. नुसत्या शेवटच्या वेळेवरून काही कळत नाही. तुमच्या आकड्यांवरून मात्र बरंच कळतंय, आणि ते तुम्ही पत्रात काढलेल्या निष्कर्षापेक्षा वेगळं आहे.

पहिले 5 किलोमीटर तुम्ही किलोमीटरला 6 मिनिटं 50 सेकंदांच्या पेसनं (वेगानं) पळालात. सांगलीच्या सपाट रस्त्यावर हाफ पळताना तुमचा पेस 6:30 च्या आसपास असतो. म्हणजे समोर यवतेश्वरचा घाट उभा आहे, हवेत ओल इतकी की घाम अंगावरून सुकत नाही, आणि तुम्ही सपाटीपेक्षा जेमतेम 20 सेकंद हळू! पुढे माथ्यावरून वळेपर्यंत पेस साडेआठवर गेला. तो जाणारच होता. तिथपर्यंतही सावरता आलं असतं. पण उतार लागल्यावर गेलेला वेळ भरून काढायला तुम्ही 5:40 नं सुटलात. इतक्या वेगानं तुम्ही सांगलीत 10 किलोमीटरसुद्धा कधी पळाला नाहीत, हे तुमच्याच पत्रात लिहिलंय. सोळाव्या किलोमीटरला मांड्या धरल्या यात नवल नाही. त्या बाराव्याला धरल्या नाहीत याचंच मला कौतुक वाटलं.

उताराचं जरा सविस्तर सांगते, कारण साताऱ्याहून आलेल्या निम्म्या पत्रांत हीच तक्रार असते. चढावर दम लागतो, म्हणून चढ अवघड वाटतो. उतारावर श्वास सोपा होतो आणि आपण समजतो की आता फुकटचा वेग मिळतोय. पण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरत असतो. या कामाची सवय नसली की स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून आडवं उतरावं लागलं असेल, ते त्यामुळे. सांगलीत हे काम करायची वेळच येत नाही. तुमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी "मीठ कमी पडलं" म्हणून निदान केलंय. गोळे येण्यामागे बहुतेक वेळा स्नायूंना न झेपलेलं काम असतं, आणि तुमच्या आकड्यांत ते स्वच्छ दिसतंय. यातली चांगली बाजू अशी की एकदा असा मार बसला की स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला बऱ्यापैकी तयार राहतात. साताऱ्याचा तेवढा फायदा तुमच्या पदरात पडलेला आहे.

तेव्हा जिद्दीचा मुद्दा. पाच किलोमीटरपेक्षा जास्त अंतर गोळे आलेल्या मांड्यांनी चालत पूर्ण करणाऱ्या बाईला जिद्द कमी पडली असं म्हणणाऱ्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचा सल्ला तिथेच ठेवा. तुम्हाला कमी पडला तो पहिल्या अर्ध्या तासातला संयम. तो शिकता येतो, आणि तो शिकायलाच मोसमातली पहिली शर्यत असते.

इथे तुमच्या पत्रातलं एक गृहीतक मला तपासावंसं वाटतं. साताऱ्याचा निकाल म्हणजे वर्षभराचा निकाल, असं तुम्ही धरून चालला आहात. पहिला हप्ता भरल्या भरल्या मॅच्युरिटीची रक्कम विचारायला आलेल्या ग्राहकाला तुम्ही कार्यालयात काय सांगता? आपल्याकडे रस्त्यावरच्या शर्यतींचा मोसम पाऊस सरताना सुरू होतो आणि फेब्रुवारीपर्यंत चालतो. जून ते ऑगस्ट लाँग रन (आठवड्यातलं एकदाचं लांब पळणं) पावसात वाहून जातात, शनिवार-रविवार घरच्या कामांत जातात, गणपतीत तर आठवडाच्या आठवडा सुट्टी. त्यानंतरच्या पहिल्या शर्यतीत शरीर कुठे आहे एवढंच समजतं.

हे फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं नाही. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जून 2024 मध्ये पोर्टलंडला 3000 मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) पळाला, वेळ 8 मिनिटं 21.85 सेकंद. तेव्हाच्या त्याच्या राष्ट्रीय विक्रमापेक्षा दहा सेकंदांहून जास्त हळू. ऑलिंपिक दीड-दोन महिन्यांवर आलेलं. 7 जुलैला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यानं 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. त्याच्यामागे प्रशिक्षक होते, सराव हेच त्याचं काम होतं आणि त्याला कुणाचे डबे भरायचे नव्हते, हे मान्य. पण पोर्टलंडनंतर त्यानं नाव काढून घेतलं नाही आणि महिन्याभरात सराव दुप्पटही केला नसणार, एवढं धरायला हरकत नाही.

आता जाऊबाई.

तुमच्या पत्रात गुडघ्याचा उल्लेख एका ओळीत येऊन जातो आणि जाऊबाई प्रत्येक परिच्छेदात येतात. पळण्याचं दुःख किती आणि घरातलं दुःख किती, हे जरा वेगळं करून बघा. 2 तास 48 मिनिटं लागली असती आणि जाऊ 3 तासांत आली असती, तर तुम्ही मुंबईचं नाव काढून घ्यायचा विचार केला असता का? मला शंका आहे. सासूबाईंचं वाक्य टोचलं, साहजिक आहे. तीन वर्षं पहाटे पाचला उठून, पोळ्या करून पळायला जायचं, शेजारणींचं "या वयात काय हे" ऐकायचं, नंतर धाकटीला हाताला धरून रस्त्यावर न्यायचं, आणि शेवटी घरात तिचं कौतुक. टोचणारच. पण सासूबाईंच्या मापात दोघी सुना एकाच रांगेत उभ्या असतात, स्वयंपाकघरात काय आणि घाटात काय. ते माप तुम्ही साताऱ्याला घेऊन जायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे.

जाऊबाईंच्या 2:36 बद्दलही एक गोष्ट. तुम्हीच लिहिलंय की "ती तर घाटात चालत होती, मी तिला हसले." ती चढ चालत गेली म्हणून तिच्या मांड्या उतारासाठी शिल्लक राहिल्या. तीव्र चढावर तुमच्या-आमच्या वेगाच्या माणसानं भराभर चालणं आणि रखडत पळणं यात वेळेचा फरक थोडा पडतो, दमण्यात फार पडतो. तिनं हे कुठून शिकलं ते तिला विचारा. कदाचित ठरवून केलं असेल, कदाचित नुसतीच दमली असेल. दोन्ही उत्तरं तुमच्या कामाची आहेत. आणि साताऱ्याहून आल्यापासून तुम्ही तिच्याशी शर्यतीबद्दल बोललाच नाहीत असं दिसतंय. तिलाही ते जाणवलं असणार. एकाच ओट्यावर उभ्या राहणाऱ्या दोघींना हा अबोला मुंबईपर्यंत परवडणार नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या आणि त्या सकाळच्या काही गोष्टी तुम्ही जाता जाता लिहिल्यात. त्या जाता जाता सोडण्यासारख्या नाहीत.

आदल्या दिवशी संकष्टी होती. दिवसभर उपास, चंद्रोदय रात्री नऊच्या सुमारास, मग जेवण, झोप साडेअकराला आणि तीनला उठून तयारी. उपास सोडा असं मी सांगणार नाही, तो तुमचा प्रश्न. पण शर्यतीला नाव देताना कॅलेंडरच्या आदल्या चौकटीवर नजर टाकत जा. उपास असेलच तर दिवसा साबुदाण्याची खिचडी, रताळं, केळी असं पोटभर खाऊन घ्या, आणि रात्रीचं जेवण हलकं ठेवा.

बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला गेलात तिथल्या स्टॉलवर नवे बूट घेतले आणि सकाळी तेच घातले. सवलत चांगली होती, पटलं! पण नवे बूट निदान 40-50 किलोमीटर रोजच्या पळण्यात वापरून मगच शर्यतीला. मुंबईत बिब घ्यायला जाल तिथे बुटांचे ढीग लागलेले असतील. पाकीट जाऊबाईंकडे द्या.

गुडघा दुखेल या भीतीनं पेनकिलर घेतली. हे पुन्हा करू नका, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते: आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीच्या गोळ्या घेऊन लांब अंतर पळणं मूत्रपिंडांवर भार टाकतं, त्यात घामानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. शिवाय दुखणं हा इशारा असतो, तोच बंद करून आपण पळत राहतो. गोळी घेतल्याशिवाय पळता येत नसेल तर त्या दिवशी पळायचं नाही.

आणि पाणी. प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास प्यायलात, "तरी डोकं दुखत होतं, मळमळत होतं." तरी नव्हे, कदाचित त्यामुळेच. तीन-चार तास रस्त्यावर असणाऱ्या आणि नुसतं पाणी भरपूर पिणाऱ्या लोकांच्या रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते फार खाली गेलं तर जिवावर बेततं. तहान लागेल तेवढंच प्या, मधूनमधून ओआरएस घ्या. पोटात काहीतरी जाऊ द्या: दीड तासापेक्षा जास्त पळायचं असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एनर्जी जेलच्या एका पाकिटात साधारण 20-25 ग्रॅम असतात, मध्यम आकाराच्या चार-पाच खजुरांतही तेवढीच. जेल महाग वाटलं तर खजूर किंवा राजगिऱ्याची चिक्की चालते, फक्त रविवारच्या लाँग रनला आधी खाऊन बघा. पळता पळता चिक्की चावणं सगळ्यांना जमत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. नाव काढून घेणं किंवा दुप्पट करणं, असे दोनच रस्ते तुम्ही मांडलेत. दुप्पट करण्यावर माझी फुली आहे. 30 चे 60 किलोमीटर एकदम केलेत तर हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत जुळवून घेतील, पण हाडं आणि स्नायुबंध त्यांच्या मागे महिने असतात. नडगी दुखायला लागेल, पुढे हाडाला चीर जाण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि मुंबईचा निर्णय मग हाडांचे डॉक्टर घेतील. नाव काढून घेणं हा पर्याय मला वाईट वाटत नाही. 42 किलोमीटर न पळता माणसं सुखानं जगतात. पण तो आज घेऊ नका. साताऱ्यानंतरच्या पंधरवड्यात, तेही सासूबाईंचं वाक्य कानात असताना घेतलेला निर्णय पळण्याबद्दलचा नसतो.

तिसरा रस्ता असा. निर्णय नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला घ्या. तोपर्यंत तयारी अशी करा की मुंबई पळायची आहे.

दोन आठवडे हलकं पळा, पेसकडे बघूच नका. शक्य असेल तर घड्याळ घरी ठेवा. याच काळात रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड. पाळीचा त्रास अलीकडे वाढलाय असं तुम्ही लिहिलंय. त्या वयात रक्तस्राव जास्त होऊन लोह कमी झालेलं असतं आणि बाई स्वतःला आळशी समजत राहते. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन मुद्दाम सांगून घ्या. पळताना छातीत दुखलं, घेरी आली, धडधड थांबेना असं कधी झालं असेल तर आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

त्यानंतर आठवड्यातून चार दिवस पळा. एकूण किलोमीटर हळूहळू वाढवत 45-50 पर्यंत गेले तरी पहिल्या फुल मॅरेथॉनसाठी पुरेत. रविवारची लाँग रन दर वेळी दोन-तीन किलोमीटरनं वाढवा, आणि दर चौथ्या आठवड्याला खाली आणा. वेग एवढाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. अर्ध्या वाक्यात श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. हा नियम साताऱ्याच्या पहिल्या पाच किलोमीटरला लावला असता तर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

चढ-उतारासाठी महिन्यातून दोनदा मिरजेकडे दंडोबाच्या डोंगरावर जा, जमलं नाही तर गावातला उड्डाणपूल आहेच. आठवड्यातून दोन दिवस घरीच पंधरा मिनिटं: उठाबशा, पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, आणि पायरीवरून एका पायावर भार देत अगदी सावकाश खाली उतरणं. हे शेवटचं कंटाळवाणं आहे आणि तुमच्या मांड्यांना तेच हवंय. मुंबईचा रस्ता सपाट म्हणतात, पण फुल मॅरेथॉन पळणाऱ्यांना पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास पेडर रोडचा चढ लागतो. जानेवारी असला तरी तोवर ऊन चढलेलं असतं आणि समुद्राची दमट हवा असते. सातारा तेव्हा आठवेल आणि उपयोगी पडेल.

नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला एखादी सपाट हाफ पळा. 1983 पासूनची पुण्याची मॅरेथॉन साधारण तेव्हाच असते, तारीख बघून घ्या. साताऱ्याच्या वेळेवरून मुंबईचा हिशेब करू नका, तो घाटाचा आकडा आहे. सपाट हाफची वेळ दुप्पट करून त्यात पंधरा-वीस मिनिटं घाला, पहिल्यांदा पळत असाल तर अर्धा तास. तेवढा वेळ रस्त्यावर राहायची मनाची तयारी आहे का, आणि तोपर्यंत एक तरी लाँग रन 26-28 किलोमीटरची अंगावर न येता झाली आहे का, एवढं बघा. दोन्हींना होकार असेल तर पळा. नसेल तर यंदा सोडा, पुढच्या वर्षी बघू. फक्त सोडायचं ठरलं तर बिब दुसऱ्या कुणाला देऊ नका. रस्त्यात काही झालं तर वैद्यकीय पथकाच्या हाती तुमचं वय, तुमचा रक्तगट आणि तुमच्या घरचा फोन लागेल, आणि माणूस भलतंच असेल.

यातलं सगळ्यात अवघड काम पळणं नाही, रविवारची सकाळ आहे. लाँग रन तीन-साडेतीन तासांवर गेल्या की दोघी जावा एकदम घराबाहेर असतील, तेव्हा चहा-नाश्ता कोण करणार? हे आत्ताच घरात बसून ठरवा. दोघे भाऊ मिळून रविवारचे पोहे करू शकतात, मुलं भांडी घासू शकतात. "हौस झाली" म्हणणाऱ्या नवऱ्याला नेमकी कशाची अडचण होतेय, तेही तेव्हा समजेल. सासूबाईंना चर्चेत घ्याच. न विचारता ठरलेलं त्यांना चालत नाही, असं तुम्हीच म्हणता.

पळण्याच्या नोंदी दाखवणाऱ्या स्ट्रावा ॲपवर जाऊबाईंना काही दिवस म्यूट केलंत तरी हरकत नाही, त्यांना कळत नाही. पण रविवारी एकत्रच निघा आणि पहिले आठ-दहा किलोमीटर त्यांच्या पेसनं पळा. पुढे हवं तर सुटा.

आणि तिकिटं. मुंबईला बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी जाऊन घ्यावं लागतं, म्हणजे शनिवारी सकाळी तरी पोचायला हवं. महालक्ष्मी एक्सप्रेस सांगलीहून थेट सीएसएमटीला नेते, आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. निर्णय व्हायच्या आधीच, नोव्हेंबरच्या मध्याला, दोन तिकिटं काढून ठेवा. रद्द केली तर थोडे पैसे जातील. डिसेंबरात काढायला गेलात तर वेटिंग लागेल.